जनरल गांगुर्ड्यांची थांबणारी रांग

रावजी गांगुर्ड्यांना जनरल सरकारनं केलं नव्हतं. सरकारनं त्यांना हवालदारापर्यंत नेऊन सोडलं होतं. पंधरा वर्षं महार रेजिमेंटात काढून १९५७ साली ते नाशिकला परतले आणि एका शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून लागले. पुढच्याच वर्षी त्या शाळेतल्या इतिहासाच्या गायधनी सरांनी एका सकाळी, प्रार्थना चालू असताना, त्यांना थेट जनरल करून टाकलं.

गायधनी सर म्हणजे एक वल्लीच. आयुष्यात मनमाडच्या पलीकडे गेले नव्हते, पण फ्रान्सबद्दल असं बोलायचे, जणू त्यांची आत्या तिकडे दिलेली आहे. त्या वर्षी जनरल द गॉल फ्रान्समध्ये पुन्हा सत्तेवर आला होता आणि त्याचा फोटो पेपरात सारखा यायचा. ताडमाड उंची, लांब नाक, ताठ मान, आणि चेहरा असा की समोरच्यानं काही न करताच माफी मागावी. मैदानावर उभे असलेले गांगुर्डे अगदी तसेच दिसत होते. "अहो, हा तर आपला द गॉल!" गायधनी सर शेजारच्या मास्तरांच्या कानात कुजबुजले. दुपारपर्यंत ते नाव शाळाभर झालं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी सायकलवर बसून गांगुर्डे राहत त्या कॉलनीतही पोचलं.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. गांगुर्ड्यांनी मधल्या सुट्टीत गायधनी सरांसमोर खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सर, ज्याचं नाव मला लावलंत तो माणूस कोण, कसा, ते नीट सांगा. उगाच कुणाचंही नाव मी लावून घेणार नाही."

सांगायला सर एका पायावर तयार. तिथून पुढे बारा वर्षं, बशीतला चहा फुंकत फुंकत, ही कथा हप्त्याहप्त्यानं चालली. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन जर्मनांच्या हाती लागलेला, कैदेतून पाच वेळा पळायला गेलेला आणि पाचही वेळा सापडलेला हा कॅप्टन. "एवढी उंची घेऊन लपणार कुठं?" गांगुर्डे गंभीरपणे म्हणाले होते. मग १९४० साल. फ्रान्सनं हात टेकलेले, आणि हा नुकताच जनरल झालेला माणूस लंडनला जाऊन रेडिओवरून सांगतो की लढा संपलेला नाही. त्याच्याच देशाच्या सरकारनं त्याला मृत्युदंड ठोठावला. चार वर्षांनी त्याच देशाच्या राजधानीत तो लोकांच्या महापुरातून पायी चालत गेला. पुढे पुढाऱ्यांशी पटेना, तेव्हा खुर्ची सोडून खेड्यातल्या घरी जाऊन बसला. बारा वर्षांनी देश अडचणीत आला, बोलावणं आलं, तेव्हा आपल्या अटी घालून परतला. फ्रान्सच्या ताब्यातला जो अल्जीरिया राखायला त्याला परत आणलं, त्या अल्जीरियाला त्यानंच स्वातंत्र्य दिलं आणि आपल्याच देशातल्या लोकांच्या गोळ्या अंगावर ओढवून घेतल्या.

गांगुर्ड्यांना लढाया ठाऊक होत्या, त्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यांच्या मनात घर केलं ते १९६९ सालच्या गोष्टीनं. द गॉलनं एका प्रश्नावर सगळ्या देशाचं मत मागितलं आणि आधीच सांगून टाकलं की तुम्ही नाही म्हणालात तर मी निघालो. लोक थोडक्या फरकानं नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जनरलनं खुर्ची सोडली. पत्र दोन ओळींचं, त्यात ना रड ना राग.

"दोनच ओळी?" गांगुर्ड्यांनी दोनदा विचारलं. तो दिवसभर ते खुशीत होते, जणू त्यांच्याच रेजिमेंटानं काहीतरी मर्दुमकी केली होती.

कॉलनीतही गांगुर्डे काही कमी जनरल नव्हते. बौद्ध वस्तीतल्या जयंती उत्सव समितीचे ते दहा वर्षं अध्यक्ष होते, आणि समितीचं लेझीम पथक म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चोवीस जण, चाराच्या सहा रांगा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या तसबिरीच्या ट्रकपुढे कुठल्या वस्तीचं पथक चालायचं, हा मानाचा प्रश्न असे, आणि तो मान दरवर्षी गांगुर्ड्यांच्या पथकाला मिळे. कारण त्यांची रांग. दोरी धरून बघा, एकाचा अंगठा पुढं दिसायचा नाही. त्यासाठी ते फेब्रुवारीपासून सगळ्यांचा पिट्ट्या पाडायचे. ज्याचं पाऊल चुकलं तो पथकाबाहेर. मग तो कुणाचा पोर आहे, रडतोय की आजारी आहे, याची चौकशी नाही.

अशा माणसाच्या घरात एक गोष्ट रांगेत बसत नव्हती. ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, झुंबर.

झुंबर जन्मली त्याच वर्षी, अठ्ठावन्न साली. चपटा चेहरा, किंचित तिरके डोळे, बोटं आखूड. दोन वर्षांची होईतो मान नीट धरेना, पाचाची होईतो बोलेना. डॉक्टरांनी सांगितलं, हिची बुद्धी लहान मुलाचीच राहील. शेजारची विठाबाई, जिनं तिची नाळ कापली होती, ती म्हणाली, "कुणाचं तरी मागल्या जन्मीचं पाप भोवतं बघा."

"विठाबाई, सात वर्षं झाली आपल्याला दीक्षा घेऊन," गांगुर्डे कडाडले होते. "मागला जन्म आपण तिथंच सोडून आलो. परत घरात आणू नका."

बोलले ते खरंच. पण खरं सांगायचं तर, ते बोलून गांगुर्ड्यांनी दाराला कडी घातली ती घातलीच. झुंबरला गर्दी सोसत नाही, असं ते म्हणायचे. पाहुणा आला की ती मागच्या खोलीत जायची. घरात मात्र हा माणूस पार वेगळा होता. ती म्हणेल तेव्हा घोडा व्हायचा, तिच्यापुढं कवायतीची गाणी म्हणायचा, तिच्या ताटातला घास तिच्या हातून खायचा. फक्त खिडकी लावलेली असे. त्यांच्या बायकोला, भिमाबाईला, हे अजिबात पटत नव्हतं. ती येवल्याकडची, बोलायला फटकळ. "पोरीला गर्दी सोसत नाय का तुम्हाला?" ती एकदा म्हणाली, आणि गांगुर्डे दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

शाळेत तर कुणालाच माहीत नव्हतं. बारा वर्षं समोरासमोर चहा पिऊनही गायधनी सरांना वाटायचं, गांगुर्ड्यांना मूलबाळ नाही.

नोव्हेंबर १९७० मध्ये द गॉल वारला. गायधनी सर पेपर घेऊन मास्तरांच्या खोलीत आले आणि दारातूनच म्हणाले, "जनरल, वाईट बातमी. तुम्ही गेलात!" सगळे हसले, गांगुर्डेही हसले. नंतर आठवडाभरानं सरांकडं एक इंग्रजी साप्ताहिक आलं, त्यात जनरलच्या अंत्ययात्रेचा मोठा वृत्तांत होता. सर तो वाचत वाचत मराठीत सांगू लागले. राष्ट्राध्यक्ष राहिलेला माणूस, पण लिहून ठेवलं होतं की सरकारी थाट नको, बँड नको, भाषण नको. जगातले राजे आणि मंत्री पॅरिसच्या मोठ्या चर्चमध्ये जमले आणि जनरल मात्र गावाकडे, गावच्याच पोरांच्या खांद्यावर, दफनाला गेला.

"आणि कुठं पुरलं माहितीय? मुलीच्या शेजारी," सर चष्मा सारखा करत म्हणाले. "त्याला एक मुलगी होती, ॲन नावाची. जन्मापासून मंदबुद्धी. वीस वर्षांची होऊन गेली. हा म्हणे रोज तिच्यासमोर नाचायचा, गाणी म्हणायचा, आपली लष्करी टोपी तिला खेळायला द्यायचा. हा एवढा खडूस माणूस! बघा गंमत."

गांगुर्ड्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "लपवून ठेवली असंल तिला," ते म्हणाले.

"छे! कुटुंबातच वाढवली. युद्धात पळावं लागलं तेव्हाही सोबत नेली. तिच्या नावानं अशा मुलींसाठी घर उघडलं. ती गेली तेव्हा कबरीपाशी बायकोला म्हणाला म्हणतात, 'चल, आता ती इतरांसारखी झाली.'" सरांनी पान उलटलं. "पुढं याच्या पुस्तकांबद्दल आहे."

पुढचं गांगुर्ड्यांना ऐकू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी मैदानावर एकदाही शिट्टी वाजवली नाही. ज्याचं नाव त्यांनी बारा वर्षं छाती काढून मिरवलं, त्या माणसानं आपली लेक जगासमोर धरली होती. आणि आपण? आपण खिडकी लावत होतो. गांगुर्ड्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता, लख्ख उन्हात, त्यांनी झुंबरचा हात धरला आणि कॉलनीच्या मधोमधून चालत तिला पंचवटीत गायधनी सरांच्या घरी नेलं. दारात उभं राहून, सावधान पवित्र्यात, ते म्हणाले, "सर, ही माझी मुलगी. झुंबर. बारा वर्षांची आहे. तुमच्यापासून लपवली होती."

गायधनी सर जागच्या जागी गार झाले. साप्ताहिकातलं ते वाचन, ते 'बघा गंमत', सगळं त्यांना आठवलं असणार. त्यांच्या बायकोनं, सावित्रीबाईंनी, पुढं होऊन झुंबरच्या हातावर लाडू ठेवला. झुंबरनं तो अर्धा मोडला आणि सरांच्या तोंडापुढे धरला. सरांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

आता गांगुर्ड्यांचं डोकं एकदा एका दिशेनं निघालं की तिथंच जायचं. फेब्रुवारी लागला, लेझीम बाहेर निघाल्या, आणि त्यांनी ठरवलं की येत्या जयंतीला झुंबर पथकात नाचेल. नुसतं बघायला उभी राहणार नाही, तर रांगेत, पहिल्या रांगेत. तिला लेझमीचं वेड होतंच. अंगणात बापलेक रोज संध्याकाळी उभे राहू लागले. लेझमीतला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे 'चार आवाज': हलगीच्या चार ठोक्यांवर चार हालचाली, मग पुन्हा पहिल्यापासून, मध्ये खंड नाही. झुंबर चारही आवाज बिनचूक काढायची. पण चौथा झाला की थांबायची. हात खाली, मान वर, बापाकडे बघत उभी. मग मनाला येईल तेव्हा पुन्हा सुरू.

"थांबायचं नाही, बाळा. चालू ठेव," गांगुर्डे म्हणायचे. झुंबर हसायची आणि पुढच्या चौथ्याला पुन्हा थांबायची. दीड महिना त्यांनी डोकं आपटलं. शेवटी ओसरीवर तांदूळ निवडणारी भिमाबाई म्हणाली, "अहो, ती दमून थांबत नाय. ती तुम्हाला बघती. तुम्ही शाबास म्हणेपर्यंत ती पुढं जायची नाय. तुम्ही शाबास कधी म्हणता का कुणाला?"

कधीच नाही, हे खरं होतं. गांगुर्ड्यांच्या तोंडून शाबासकी ऐकलेला माणूस नाशिकमध्ये शोधून सापडला नसता.

मार्चच्या शेवटी त्यांनी समितीच्या बैठकीत विषय काढला. विहारात सतरंजीवर पंधरा जण बसले होते. सगळे एकमेकांकडं बघू लागले. सेक्रेटरी निवृत्ती पगारे, नगरपालिकेतला कारकून, नुकती विशी ओलांडलेला, हुशार आणि स्पष्ट. तो उठला.

"सर, झुंबरबद्दल आम्हाला माया नाय असं नाय. पण रांग मोडंल. ट्रकपुढचा मान जाईल. मागचे लोक हसतील ते कुणाला हसतील? तिलाच ना?"

"रांग मी सांभाळीन."

"सर," निवृत्तीचा आवाज जरा बारीक झाला, "मी अकरा वर्षांचा होतो. डाव्याऐवजी उजवा पाय टाकला म्हणून तुम्ही मला ऐन मिरवणुकीच्या आदल्या दिवशी काढलं होतं. आईनं नवी टोपी शिवली होती. तुम्ही म्हणालात, रांगेत दयामाया नसती. मग नियम तोच हाय का आता बदलला?"

गांगुर्ड्यांचंच हत्यार गांगुर्ड्यांवर चाललं होतं आणि ते चालवणाऱ्या पोराचं काही चुकत नव्हतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग हात वर करून मत घ्या. समिती नाही म्हणाली तर मी अध्यक्ष राहणार नाही."

चार हात वर झाले. विरुद्ध दहा. स्वतः गांगुर्ड्यांनी मत दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी समितीला कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं: 'आज दुपारी बारा वाजल्यापासून मी अध्यक्ष नाही. जय भीम.' कुणी म्हणालं, सर रुसले. कुणी म्हणालं, फ्रान्सचं वारं लागलं. गांगुर्ड्यांनी शिट्टी, हलगी आणि चोवीस लेझीम मोजून निवृत्तीच्या घरी पोचत्या केल्या. दोन तेवढ्या घरी राहिल्या, त्या त्यांच्या स्वतःच्या होत्या.

त्या वर्षीची मिरवणूक त्यांनी झुंबरला घेऊन रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली. पथक आलं तशी झुंबर जागच्या जागी हात हलवू लागली. चार आवाज झाले, ती थांबली, वर पाहिलं, आणि तेवढ्यात पथक पुढं निघून गेलं. पुढं गेलेल्या रांगेकडं बघत ती इतक्या जोरात रडली की भिमाबाईला तिला उचलून घरी न्यावं लागलं. तेरा वर्षांची मुलगी उचलणं सोपं नसतं. गांगुर्डे मागोमाग दोन लेझीम घेऊन चालत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी हट्ट सोडला, आणि मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई त्यांनी तिथं जिंकली. त्यांनी झुंबरला अंगणात उभं केलं, शेजारी स्वतः उभे राहिले. चार आवाज झाले. झुंबर थांबली. या वेळी गांगुर्डेही थांबले. हात खाली, मान वर. मग म्हणाले, "शाबास." झुंबर लगेच पुढचे चार निघाली. पुन्हा थांबली, पुन्हा "शाबास." एकदाही चुकली नाही.

इतके दिवस ते तिला रांगेत बसवू बघत होते. रांगच तिच्याप्रमाणे बसवता येते, हे पंधरा वर्षं कवायत केलेल्या आणि तेरा वर्षं शिकवलेल्या माणसाला त्या दिवशी कळलं.

आधी भिमाबाई पदर खोचून सामील झाली. मग विठाबाईच्या दोन नाती आल्या, मग गल्लीतल्या पोरी एकेक करत. लेझीम नव्हत्या तेव्हा काठ्या घेतल्या. थांबणं पोरींना फार आवडलं. सगळं वाजतंय, वाजतंय, आणि एकदम चिडीचूप. त्या शांततेत पोरींच्या अंगावर काटा यायचा. गांगुर्ड्यांनी पायांची सगळी मांडणी त्या थांबण्याभोवती नव्यानं बसवली. यात तीन वर्षं गेली.

इकडं पथकाची रया गेली होती. निवृत्ती जीव तोडून शिकवायचा, पण शिस्त लावायला धाक लागतो आणि त्याला कुणी घाबरत नव्हतं. त्र्याहत्तर साली मान दुसऱ्या वस्तीकडं गेला. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये एका संध्याकाळी निवृत्ती गांगुर्ड्यांच्या दाराशी आला, अंगणात बघून थबकला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. वीसेक पोरी चौथ्या आवाजाला एका दमात थांबत होत्या. त्यात झुंबर कोणती, हे त्याला पाठमोरं ओळखता येईना.

"सर, परत या," तो म्हणाला. "लय झालं."

"एक अट आहे."

"माहितीय. ती पहिल्या रांगेत."

"ती नव्हे. ती तर आहेच." गांगुर्डे त्याच्याजवळ गेले. "हलगी तू वाजवायची. आणि निवृत्ती, तुला त्या वेळी काढायला नको होतं. चूक माझी होती."

निवृत्तीनं मान फिरवली आणि बाहीनं तोंड पुसलं. पुढं कित्येक वर्षं तो म्हणायचा की सरांनी मला एका वाक्यात नवी टोपी दिली.

त्याच महिन्यात पॅरिसला मोठा विमानतळ सुरू झाला आणि त्याला द गॉलचं नाव दिलं. गायधनी सर ती बातमी घेऊन धावत आले. गांगुर्डे ऐकून म्हणाले, "चांगलं झालं. पण सर, विमानं सारखी उडत असतील. तिथं क्षणभर थांबून कोण नाव घेणार?"

चौदा एप्रिलला जुन्या पथकाच्या जागी चोवीस पोरी पांढऱ्या साड्यांत उतरल्या. पुढं उलट्या पावलांनी चालणारे गांगुर्डे, बाजूला हलगीवर निवृत्ती. शालिमारच्या चौकात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. चार आवाज झाले आणि हलगीसकट सगळं गप्प झालं. चोवीस माना वर गेल्या. लोकांना वाटलं, पोरी ट्रकवरच्या बाबासाहेबांना मानवंदना देताहेत, आणि तेही मुकाट्यानं उभे राहिले. कुणी कुणी टोपी काढली. मग गांगुर्ड्यांचा खणखणीत आवाज आला, "शाबास!" आणि पुन्हा सगळं वाजू लागलं. गर्दीत सावित्रीबाईंसोबत उभे असलेले गायधनी सर लहान पोरासारखे रडत होते. "त्या जनरलला मुलगी इतरांसारखी झालेली बघायला कबरीपर्यंत जावं लागलं," ते बायकोला म्हणाले. "आपल्या जनरलनं इतरांना मुलीसारखं केलं."

गांगुर्ड्यांना मात्र एवढंच दिसत होतं की तेवीस माना वर आभाळाकडं होत्या आणि पहिल्या रांगेतली एक त्यांच्याकडं होती.

ट्रकपुढचा मान परत आला तो पुन्हा गेलाच नाही. झुंबर आठ जयंत्या त्या रांगेत नाचली. शाळेतून निवृत्त झाल्यावर गांगुर्डे दुसऱ्या वस्त्यांतही शिकवायला जाऊ लागले. येवल्याला गेले, कळवणला गेले. जाताना झुंबर बरोबर असायची. एसटीत खिडकीशी ती बसायची. कुणी टक लावून पाहिलं तर गांगुर्डे स्वतःच सांगायचे, "माझी मुलगी. लेझीम शिकवायला चाललीय."

ब्याऐंशीच्या जानेवारीत थंडी छातीत भरली आणि चार दिवसांत झुंबर गेली. चोवीस वर्षांची होती. दोन महिने गांगुर्डे घराबाहेर पडले नाहीत. सराव निवृत्तीनंच घेतला. पहिल्या रांगेतली तिची जागा कुणी घेतली नाही, आणि समितीत त्यावर मत घ्यायची कुणाला गरज वाटली नाही.

चौदा एप्रिलला भिमाबाईनं त्यांचे कपडे काढून ठेवले आणि म्हणाली, "उठा. पोरी वाट बघत असतील." ते उठले. चौकात आले. निवृत्तीनं चार ठोके दिले. तेवीस पोरी थांबल्या, माना वर झाल्या. आणि गांगुर्ड्यांच्या तोंडून आवाज निघेना.

त्यांनी दोनदा घसा साफ केला. ओठ हलले. पोरी उभ्या. हलगी गप्प. मागं ट्रक थांबला, त्यामागं दुसऱ्या वस्तीचं पथक, त्यामागं बँड, त्यामागं आणखी ट्रक. एक पोलीस शिट्टी वाजवत पुढं आला, "काय झालं? चला, चला." कुणी हललं नाही. निवृत्तीनं हात आडवा करून त्याला थोपवलं. उन्हात पोरींच्या गालांवरून घाम उतरत होता, काहींच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं. या वेळी एकही मान आभाळाकडं नव्हती, हे गांगुर्ड्यांच्या आता लक्षात आलं. तेवीसच्या तेवीस पोरी त्यांच्याकडं बघत होत्या, ती बघायची तशा. त्यांनी पहिल्या रांगेतल्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, आणि पूर्ण ताकदीनं, साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडले:

"शाबास, झुंबर!"

रांग निघाली. मागची अख्खी मिरवणूक निघाली. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक थांब्याला तेच म्हटलं, आणि पुढं जोवर पाय चालले तोवर तेच म्हणत राहिले.

सत्त्याऐंशी साली गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते, शेजारी भिमाबाई. एक नवंच पथक आलं, अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्तीतलं. त्यांना गांगुर्ड्यांनी कधी शिकवलं नव्हतं, ती पोरंपोरी ओळखीचीही नव्हती. चार आवाज झाले, सगळी थांबली, आणि पुढं चालणारी विशीतली बाई खड्या आवाजात म्हणाली, "शाबास, झुंबर!"

पथक टेकायला थांबलं तेव्हा गांगुर्ड्यांनी तिला जवळ बोलावलं. नाव विचारलं, तिनं लता सांगितलं.

"बाई, हे झुंबर कोण?"

तिनं जरा विचार केला. "कुणास ठाऊक, बाबा," ती म्हणाली. "पण थांबल्यावर तेच म्हणायचं असतं. त्याशिवाय रांग पुढं जात नाय."

गांगुर्ड्यांनी भिमाबाईच्या खांद्यावर हात टेकला, खुर्चीतून उठले, आणि पथक पुढं निघालं तेव्हा शेवटची रांग दिसेनाशी होईपर्यंत सलाम करून उभे राहिले.